बर्फातल्या वळणावर जोडचाक

मामा,

तुला जाऊन आज चौथा दिवस आहे आणि मला एका जागी बसता येत नाही. सकाळी अमरावतीहून बाबांची गाडी काढते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत बार्शीटाकळीला तुझ्या घरी पोचते, मामीजवळ थोडी टेकते, कोणी भेटायला आलं की पाणी देते आणि मग कारण नसताना उठते. आई म्हणते, "बस ना व एका ठिकाणी. पाय दुखत नाईत का तुये?" मी बसते. पाच मिनिटांनी पुन्हा दारात उभी असते. काल मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. कशाला उतरले ते मला आत्ताही सांगता येणार नाही. जयंतीचे निळे झेंडे अजून रस्त्याच्या खांबांवर होते. पलीकडे नांगरून ठेवलेल्या शेतात काळी ढेकळं तापली होती. दहा मिनिटं त्या उन्हात उभी राहिले आणि परत गाडीत बसले.

रविवारी जलदान विधी आहे. तुझा नितीन म्हणाला, "ताई, तू दोन शब्द बोल. बाबायले तुहंच लय कौतुक व्हतं." तिथे मी काय बोलेन ते मला आत्ताच माहीत आहे. मामा कष्टाळू होते, हसतमुख होते, कोणाच्या अडीअडचणीला धावून जायचे. यातलं काही खोटं नाही. पण मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते मंडपात माइक धरून बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तू मला गाडी शिकवलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तुझी ती छोटी सहाचाकी. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही अंगांना दोन-दोन जोडून लावलेली. लोक तिला पिकअप म्हणायचे, तू नुसतं 'गाडी' म्हणायचास. बार्शीटाकळीच्या आसपासच्या मळ्यांतून मेथी-सांबाराच्या जुड्या, वांगी भरायची आणि अकोल्याच्या, कधी अमरावतीच्या बाजारात उतरवायची. तीस वर्षं हेच. भादव्यात मी तुझ्याकडे आले होते आणि तू मला एका मळ्याच्या पांदणरस्त्यात नेऊन स्टेअरिंगवर बसवलंस. मी गाडी वीस पावलं चालवली असेल, तेवढ्यात ती फसली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"उतर खाली," तू म्हणालास.

"काहून? चालवाले शिकवून राह्यला ना तू?"

"खाली उतरल्याबिगर चालवता येत नाई. मागचं चाक पाय."

मी चिखलात उतरले. जोडलेल्या दोन चाकांच्या मधली फट काळ्या मातीनं गच्च भरली होती. तू माझ्या हातात पहार दिलीस. "या दोघायच्या मंधात जागा हाय तोवरिक हे दोन चाकं. जागा भरली का त्याचा ढोल झाला. ढोल वाजते, चालत नाई." आणि तू बांधावर जाऊन बसलास. मला वाटलं येशील मदतीला. तू आला नाहीस. दोन्ही बाजूंची माती मी एकटीनं काढली. घरी आल्यावर माझे हात बघून बाबा तुला बोलले. त्यांच्या वलगावच्या घरात कोणी पोरगी गाडीखाली शिरली नव्हती. "भूगर्भशास्त्र शिकून राह्यली ते. तिले ड्रायव्हर बनवाचं हाय का?" तू शांतपणे म्हणालास, "दगड पाहाले डोंगरावरच जाईन ना ते? बस जाते का तथी?"

आणि तसंच झालं. मी डोंगरावर गेले.

हिमाचलातल्या एका खोऱ्यात बोगद्याचं काम सुरू होणार होतं. जमिनीत खोल भोकं पाडून आतला दगड कांडीसारखा बाहेर काढायचा, लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायचा आणि आत काय आहे ते वाचायचं, हे माझं काम. त्या पेट्या वाहायला कॅम्पवर एक गाडी होती. तिला पुढे-मागे माणसं बसायला जागा, त्यामागे छोटा हौदा, आणि मागे जोडचाकं. मी तिचा फोटो तुला पाठवला तर तू लगेच फोन केलास. इतका खूश की जणू घरातलंच कोणी मला परमुलखात भेटलं होतं.

पहिल्या हिवाळ्यात ड्रायव्हर रजेवर गेला आणि मी गाडी काढली. कॅम्पपासून शंभर मीटरवर ती बर्फात फसली. मी तुला फोन लावला. तू अकोल्याच्या बाजारात होतास, मागे कांद्याची पोती उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू होता.

"मामा, गाडी फसली. बर्फ हाय."

"मंधातली जागा पाह्यली का?"

"पाह्यली. बर्फानं भरली."

"मंग काढ. हौदा रिकामा हाय का?"

"रिकामा."

"रिकामी गाडी कुठंबी नाचते व. मागं वजन टाक. तुये दगड हायेत ना, थे टाक. दुसऱ्या गिअरात उचल. ब्रेकले पाय नोको लावू."

तू कधी बर्फ पाहिला नव्हतास, हे त्या वेळी मला आठवलंसुद्धा नाही. मी तुझं ऐकलं. गाडी निघाली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. कॅम्पवरचे सगळे जुने ड्रायव्हर म्हणायचे, बर्फात जोडचाक कामाचं नाही. अरुंद एकेरी चाक बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातं आणि पकड घेतं. जोडचाक रुंद, ते बर्फावर तरंगत राहतं. मी हे तुला सांगितलं आणि तुला ते लागलं. तू म्हणायचास, तरंगते म्हणूनच त रुतत नाई. मी म्हणायचे, मामा, चिखल वेगळा, बर्फ वेगळा. चिखल चाकाला धरून ठेवतो, बर्फ सोडून देतो. तू म्हणायचास, "म्या पाह्यला नाई त खोटं कसं म्हणू? पन गाडी म्या पाह्यली हाय." चार हिवाळे हे चाललं. तू फोन उचलायचास तोच मुळी "काय म्हंते एकेरीवाली?" म्हणून.

मग तू एकदा आलासच. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. एकावर एक दोन स्वेटर, डोक्याला मफलर, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि मामीचा ठेचा. खालच्या गावच्या बस स्टँडवर मी तुझ्या समोर उभी होते आणि तू माझ्या बाजूनं सरळ निघून गेलास. मी हाक मारली तेव्हा वळलास. हसून म्हणालास, "एवढ्या कपड्यायत कोन वळखन तुले?" मलाही ते पटलं. कॅम्पवर चालताना तू माझा खांदा धरून चालायचास. मला वाटलं घसरायची भीती वाटते. तू खाली वाकून मूठभर बर्फ उचललास, दाबलास, नाकाशी नेलास.

"याले वासच नाई व," तू म्हणालास. "चिखलाले तरी वास असते." मग थोडा तोंडात टाकलास आणि लहान पोरासारखा डोळे मिटून उभा राहिलास.

तू आल्याच्या चौथ्या दिवशी बलदेवच्या पोटात दुखायला लागलं. बलदेव आमचा स्वयंपाकी. त्यानं तुला राजमा खाऊ घातला होता आणि तू त्याला भाकरी थापायला शिकवत होतास. दोघांना एकमेकांची अर्धी भाषा कळत नव्हती आणि दोघं दिवसभर बोलायचे. दुपारपर्यंत तो अंग मुडपून पडला, उलट्या थांबेनात. फोनवर डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायच्या आत खाली आणा. दुसरी गाडी, ती एकेरी चाकांची, साहेबांना घेऊन गेलेली. आमचा ड्रायव्हर तापानं पडलेला. उरली जोडचाकी, आणि आपण दोघं.

"तू चालवतो का?" मी विचारलं.

"तुहा रस्ता हाय. तू चालव," तू म्हणालास. तेव्हा मला तो माझा मान वाटला.

निघण्याआधी तू सगळ्यांना कामाला लावलंस. हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर दगडांच्या पेट्या रचायला लावल्यास. भट्टीतली राख दोन पोत्यांत भरून घेतलीस. बर्फात पकड यावी म्हणून बाहेरच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या होत्या, त्यांची एकेक कडी तू बोटांनी चाचपून पाहिलीस. तीस वर्षांची सवय, असं मी मनात म्हटलं. बलदेवला मागच्या सीटवर रजईत गुंडाळून झोपवलं आणि आपण निघालो.

पहिले आठ-दहा किलोमीटर बरे गेले. मग रस्ता एका खिंडीकडे चढतो आणि तिथे एक वळण आहे, ज्याला हिवाळाभर ऊन लागत नाही. दुपारचे तीन वाजले होते तरी तिथे सावली होती. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी. वरचा बर्फ भुसभुशीत, पण त्याच्याखाली काच. मला ते ठाऊक होतं. तरी वळणाच्या मध्यावर मी जरा जास्त रेस दिली. मागची चाकं फिरली. गाडी थांबली, आणि मग हळूच मागे जायला लागली.

मी ब्रेक दाबला. चारी बाजूंची चाकं गच्च झाली आणि गाडी फळीसारखी घसरायला लागली, मागचा डावा कोपरा दरीकडे.

"ब्रेक सोड!" तू ओरडलास. "सोड म्हंतो ना! डोंगराकडं काप!"

ब्रेकवरून पाय काढायला शरीर तयार नसतं, मामा. तुझ्या आवाजानं तो निघाला. मी स्टेअरिंग डोंगराकडे कापलं. गाडीचं शेपूट थोडं वळलं, मग खालून धप्प आवाज आला, गाडी डावीकडे कलली आणि थांबली.

बलदेव मागे कण्हत होता. तू म्हणालास, "हँडब्रेक. गिअरात ठेव. अन् हळू उतर, तुह्या बाजूनं." मी उतरले. तू सीटवरून सरकत, गिअरच्या दांड्यावरून पाय काढत माझ्याच दारानं बाहेर आलास. आधी आपण बलदेवला काढलं आणि डोंगराच्या कडेला रजईसकट बसवलं. मग मी मागे जाऊन पाहिलं. डाव्या जोडीतलं बाहेरचं चाक रस्त्याच्या कडेबाहेर हवेत होतं, साखळी लोंबत होती. आतलं चाक कडेच्या दगडावर टेकलं होतं. त्या एका चाकावर गाडी उभी होती.

मी म्हटलं, मदत येईपर्यंत थांबू. तू बलदेवकडे तोंड करून म्हणालास, "त्याचं पोट थांबन का?"

मग तू बर्फात पालथा पडलास. पोटावर सरकत त्या चाकाखाली गेलास आणि पहारीनं दोन चाकांमधला गोठलेला बर्फ फोडायला लागलास. तुकडे दरीत पडायचे आणि त्यांचा आवाज यायचा नाही. तू हातमोजे काढून टाकले होतेस. मी राख पसरली, आतल्या चाकाच्या पुढे, उजव्या जोडीच्या पुढे, वळणभर. तू मोठे दोन दगड आणायला लावलेस आणि गाडीच्या मागे जाऊन बसलास.

"आता चढ गाडीत."

"मामा, तू चालव. माह्याच्यानं नाई होत."

"मी वरती बसलो त खाली कोन पाहीन? थे चाक तुले तथून दिसत नाई. मी सांगतो तसं येऊ दे. वीतभर आली का थांब, मी दगड लावतो. मंग पुन्यांदा."

"अन् मागं आली त? तू मागंच हायेस."

"नाई येत," तू म्हणालास. "चाल."

डाव्या आरशावर बर्फ जमला होता, त्यात काही दिसत नव्हतं. मला फक्त तुझा आवाज होता. "येऊ दे. येऊ दे. थांब." दगड सरकल्याचा आवाज. "हां. येऊ दे." दुसरा गिअर, क्लच अर्धा, इंजिन गुरगुरतंय, राखेचा वास. वीत-वीत करत गाडी वर आली. किती वेळ लागला मला माहीत नाही. मध्ये एकदा चाक फिरलं आणि गाडी मागे हलली. मी तुझ्या नावानं किंचाळले. मागून तुझा आवाज आला, रागावलेला, "वरडतं काय? दगड लावला हाय ना म्या! येऊ दे!" आणि मग एकदम गाडी सरळ झाली, चारही मागची चाकं रस्त्यावर आली, आणि तू म्हणालास, "आता थांबू नोको. खिंडीवर जाऊन थांब. आमी येतो." तू बलदेवला खांद्याला धरून, पाय ओढत वर आणलंस.

बलदेवचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं.

दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये आपण चहा घेत बसलो होतो. तुझी बोटं सुजून लाल झाली होती. तू खुशीत होतास. "पाह्यलं? जोडचाक व्हतं म्हून वाचलो. एक गेलं, दुसऱ्यानं धरलं. एकेरी असतं त आतापावतर खाली नदीत असतो."

"एकेरी असतं त गाडी मागून अरुंद असती, मामा. चाक बाहेर गेलंच नसतं."

तू तोंड उघडं ठेवून माझ्याकडे पाहिलंस. मग इतका हसलास की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "हे त लय झालं व! मरता मरता वाचली अन् तरी एकेरीच!" आणि हसत हसत तू चहाचा ग्लास उचलायला हात पुढे केलास. ग्लास तुझ्या हातापासून चार बोटं लांब होता. तुझा हात टेबलावर पडला, चाचपत गेला, ग्लासाला लागला.

मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तुलाही कळलं.

"साखरेनं डोयाचा पडदा खाल्ला," तू साध्या आवाजात म्हणालास. "डावा त गेलाच. उजव्यात मंधोमंध धुकं हाय. कडेकडेनं दिसते. दीड वर्स झालं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, आता काई होत नाई."

"मग मघाशी? चाक?"

"पांढऱ्यात त मले काईच दिसत नोहतं. हात ठेवला व्हता चाकावर. हाताले समजते."

मी त्या माणसाच्या आवाजावर गाडी दरीच्या काठावरून आणली होती ज्याला काठ दिसत नव्हता. मला तुझा भयंकर राग आला, मामा. आणि त्याच वेळी तुझे ते सुजलेले हात धरून रडावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

"मामीले ठाऊक हाय?"

"नाई."

"मग अजून गाडी कशी चालवतो?"

"रस्ता पाठ हाय." तू चहा प्यालास. मग म्हणालास, "कोनाले सांगू नोको व."

मी चमच्यानं चहा ढवळत बसले. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. दोन दिवसांनी तुला बसमध्ये बसवलं. खिडकीतून तू हात हलवत होतास, मी उभी होते त्याच्या थोडं उजवीकडे पाहत.

पुढचे तीन आठवडे मी रोज ठरवायचे की तुला फोन करायचा आणि सांगायचं. मनात वाक्यं जुळवायचे. तुला वाईट वाटणार नाही, तुझा मान राहील, असं काहीतरी. मी ऑफिसात असंच बोलायला शिकले होते. चूक सांगायची तर आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग वळसा घालून मुद्द्यावर यायचं. तुझ्यासाठी मला वळसा सापडेना. शेवटी मी नितीनला फोन केला. तुझ्या डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझं नाव घेऊ नको. त्यानं घेतलं. त्याला तरी कुठून कळलं म्हणून सांगणार होता? आठवड्यात गाडी विकली गेली.

तुझा फोन आला. तू "काय म्हंते एकेरीवाली" म्हणाला नाहीस.

"तू मले उतरवलं," एवढंच म्हणालास आणि फोन ठेवलास.

मी माझी बाजू स्वतःलाच शंभर वेळा सांगितली. त्या रस्त्यावर शाळेतली पोरं सायकलनं जातात. म्हाताऱ्या बाया डोक्यावर भारे घेऊन कडेनं चालतात. एखाद्या सकाळी तुझ्या त्या धुक्यात कोणी आलं असतं तर? मी केलं ते बरोबरच होतं. अजूनही बरोबरच आहे. तरी त्यानंतर तुझा आवाज फोनवर पाहुण्यासारखा झाला. "बरं हाय. जेवली का? थंडी हाय का तिकडं? ठेवतो मंग." मीही तशीच बोलायला लागले.

मागच्या हिवाळ्यात मात्र एका सकाळी तूच फोन केलास.

"बर्फ पडला का व?"

"पडला. रात्रभर पडला."

"कोनती गाडी हाय आता?"

"एकेरी. नवी आली."

"अन् कशी चालते?"

"मस्त चालते," मी म्हटलं. आणि मग खरं सांगितलं, "परवा दोनदा फसली."

तू हसलास. कितीतरी दिवसांनी. मग आपण अर्धा तास भांडलो. टायरातली हवा किती ठेवायची, साखळी आतल्या चाकाला बांधता येईल का, त्या दिवशी वळणावर नेमकं काय झालं. तू म्हणालास, तू रेस दिली म्हून झालं. मी म्हटलं, हो. डोळ्यांचं कोणी काढलं नाही. मी मनाशी म्हटलं, उन्हाळ्यात सुट्टी घेऊन जाऊ, समोर बसू, तेव्हा बोलू. सुट्टीचा अर्जसुद्धा दिला होता. तो मंजूर व्हायच्या आधी नितीनचा फोन आला. सकाळी अंगणात खाटेवर बसून पेपरची वाट पाहत होतास, म्हणे. मामी चहा घेऊन आली तोवर तू गेला होतास.

आता ज्यामुळे मला बसवत नाही ते सांगते.

परवा दुपारी घरात गर्दी कमी होती. मामी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "मामी, माझ्यामुळे मामाची गाडी गेली. माझ्यावर राग घेऊनच गेला तो." मामीनं माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुह्यामुळं? गाडी त त्यायनं पह्यलेच सोडली व्हती."

"कधी?"

"तुह्याकडून आले ना, त्याच हप्त्यात. मले डोयाचं सांगतलं, मळेवाल्यायले सांगतलं का कंबर धरली. गाडी लावून देल्ली अन् चावी आनून माह्या पेटीत ठेवली. रोज सकाळी फोन घेऊन बसत. म्या म्हतलं, कोनाची वाट पाहून राह्यले? त म्हने, जोत्स्नाची. थे बोलन मले. तिले कोनाचा धाक नाई, माह्या तोंडावर सांगन का मामा, तू आता गाडी चालवू नोको. मंग मी नितीनले चावी देईन अन् म्हनीन का भाचीनं सांगतलं म्हून सोडली. त्याच्या अदुगर नाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तीन हप्ते वाट पाह्यली बापा त्यायनं. मंग नितीननं येऊन सांगतलं का ताईचा मले फोन आला. लय लागलं त्यायले. गाडीचं नाई लागलं. म्हने, परक्यासारखं केलं तिनं."

मी तेव्हा उठले ती अजून बसलेली नाही. मामी हे मला समजवायला सांगते का, असंही मनात येतं. चावी खरंच तिच्या पेटीत होती का, ते मी नितीनला विचारलं. तो म्हणाला, हो, आईनंच काढून दिली होती, तेव्हा त्यालाही नवल वाटलं होतं. म्हणजे खरंच असणार. म्हणजे तू त्या कॅन्टीनमध्ये "कोनाले सांगू नोको" म्हणालास तेव्हा तू मला गप्प राहायला सांगत नव्हतास. इतरांना सांगू नकोस, मला सांग, असं म्हणत होतास. आणि मी, तुझी भाची, जिला तू चिखलात उतरवून पहार हातात दिली होतीस, ती एका फोनाला घाबरले.

काल मी बलदेवला कळवलं. त्याला आधी नीट समजलं नाही. मग म्हणाला, "वो मामाजी?" त्याच्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं, त्यात तो नाचला होता. फोटो मी तुला पाठवला होता. तुला तो कितपत दिसला असेल, कोण जाणे. आभार मानायचे तर मला या सगळ्याचे मानायचे आहेत. त्या वळणाचे, तुझ्या ओरडण्याचे, मला गाडीत बसवून स्वतः मागे बसण्याचे. मी जिवंत आहे आणि रोज तुझ्या घरी ये-जा करते आहे ती त्यामुळेच. पण आभार मानता मानताच वाटतं, तूही का नाही फोन केलास? तीन आठवडे फोन हातात धरून बसलास, बटण दाबलं असतंस तर काय झालं असतं? "बोल ना व" म्हणाला असतास. तुलाही वळसाच घालायचा होता ना मामा? माझ्या तोंडून ऐकायचं होतं, पण मागायचं नव्हतं.

रविवारी मंडपात मी चांगलं बोलेन. तू काळजी करू नकोस. पण ते आधी इथे बोलते, जे तेव्हा कॅन्टीनमध्ये, तुझ्यासमोर, दुसऱ्या कोणाला मध्ये न घालता बोलायला हवं होतं.

मामा, तुले दिसत नाई. तू आता गाडी चालवू नोको. मी सांगून राह्यली, तुह्या तोंडावर.

आता भांड माह्याशी.